चालता पाणवठा

वनखात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न वाघाचा असतो. या अंकाच्या संपादकांनीही फोनवर तेच केलं. नागपूरच्या माणसाला जंगल म्हणजे वाघ, आणि वाघ म्हणजे सफारीतला फोटो. मी त्यांना सांगून टाकलं की एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला वाघ दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थरार हवा असेल तर दुसरं कोणी बघा. माझ्या वाट्याला रोही आले, आणि लिहायचंच तर मी त्यांच्यावर लिहीन.

शाळेच्या पुस्तकात ज्याला नीलगाय म्हणतात, त्याला आमच्याकडे रोही म्हणतात. नावात गाय असली तरी ती गाय नव्हे. बुजणं, कान टवकारणं, कळपाने उधळणं, सगळं हरणासारखं. उंची मात्र घोड्याची, चेहरा गरीब, आणि खाण्याच्या बाबतीत लाजलज्जा अजिबात नाही. माझ्या नोकरीची शेवटची सात वर्षं मी नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरच्या बाजूला वनपाल होते. वनपाल म्हणजे चार-पाच वनरक्षकांच्या वरची आणि बाकी सगळ्यांच्या खालची. जंगल माझ्याकडे थोडंच होतं, शहर संपतं तिथली झुडपी जंगलाची एक पट्टी. पण त्या पट्टीकडे ले-आउटवर ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून उभ्या राहणाऱ्या वसाहती, सरकत येत होते, आणि पट्टीतली जनावरं ले-आउटमध्ये.

तिथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांचा फोन आला, "तुमची गाय आमच्या पार्किंगमध्ये उभी आहे, घेऊन जा." जणू काही मीच ती तिथे बांधून आले होते. पुण्याहून नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी वसुबारसेला विचारलं होतं, पूजेसाठी वासरासकट नीलगाय मिळेल का. मी त्यांना म्हटलं, मिळेल, पण ओवाळायला जाल तर तबकातले तांदूळ आधी ती खाईल आणि मग लाथ मारेल. त्यांना ते आवडलं नाही. लाथेचं मी उगाच सांगितलं नव्हतं. एका बांधकामाच्या पाण्याच्या टाक्यात रोह्याचं पिल्लू पडलं होतं. आमचा वनमजूर शालिक आत उतरला, पिल्लू खांद्यावर घेऊन शिडी चढला, आणि वर येताच पिल्लाने उपकाराची फेड म्हणून त्याचे पुढचे दोन दात पाडले. शालिक माझ्याच वयाचा, रानात जन्मलेला, फार कमी बोलणारा. तोंड दाबून तो एवढंच म्हणाला, "जगलं ना मॅडम, झालं." नंतर त्याने दात बसवून घेतले नाहीत. पिल्लाची आठवण आहे म्हणायचा.

हे सांगते आहे ते गंमत म्हणून. खरी गोष्ट माझ्या चुकीची आहे, आणि ती चूक वनखात्यातल्या माणसालाच सुचू शकते.

मी तिथे रुजू झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पट्टीतली डबकी फेब्रुवारीतच आटली. उन्हाळ्यात जनावरांसाठी पाणवठे करायचे हा आमच्या खात्याचा शिरस्ता. सिमेंटची उथळ, गोल बशी करतात. उतार असा ठेवायचा की ससा पडला तरी बुडू नये. टँकरने नाहीतर कॅनने ती भरायची. मी एक बशी हुडकेश्वरच्या कडेला, एका कॉलनीच्या मागच्या मोकळ्या मैदानात केली. आत पट्टीत करायला हवी होती. पण आत टँकर जात नव्हता, आणि कॉलनीतल्या लोकांनी सिमेंट दिलं, पाणी भरायची जबाबदारीही घेतली. माझा फोटो पेपरात आला. हातात पाइप, मागे तीन रोही. आईने ते कात्रण नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी देवघराशेजारी चिकटवलं.

त्याआधी हे रोही हिवाळ्यात हरभऱ्याच्या दिवसांत येत, हाकलले की जात, आणि उन्हाळा लागला की पट्टीत परतत. बशी झाली आणि ते परतायचे बंद झाले. पाणी बारमाही, कुत्री सोडली तर शत्रू नाही. सहाचे सतरा झाले. हे माझ्या बशीमुळे झालं हे मला कळायला दोन वर्षं लागली, आणि कबूल करायला आणखी तीन.

कबूल करायला लावलं ते पंचफुलाबाईंनी. चहूकडे घरं झाली तरी दोन एकर शेत राखून बसलेली त्या भागातली ती शेवटची शेतकरीण. साठीची, काटक, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारी. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा हैदराबादला. वांगी, मेथी, चवळी ती स्वतः नंदनवनच्या बाजारात बसून विकायची. हिवाळ्यात अर्ध्या शेतात हरभरा. माझी आई तिची जुनी गिऱ्हाईक होती, म्हणून मी तिला ओळखत होते. एका डिसेंबरात सकाळीच ती ऑफिसात आली आणि माझ्या टेबलावर मुळासकट उपटलेली चार हरभऱ्याची झाडं ठेवली. सगळी शेंड्यापर्यंत खुडलेली.

"सतरा पाहुणे जेवून गेले मॅडम," ती म्हणाली. "माह्या घरी लग्न हाये का?"

मी नुकसानीच्या भरपाईचा फॉर्म काढला. तिने तो हाताने बाजूला सारला. पिशवीतून तिने घडी घातलेला एक कागद काढून दाखवला. शेजारच्या ले-आउटवाल्याने दिलेला कच्चा करारनामा होता, तिचं नाव टाईप केलेला. मुलगा म्हणत होता, सही कर आणि इकडे ये.

"सही करायची नाई म्हणून हे पाच वर्सं पिशवीत घेऊन हिंडून राहिली मी. विहिरीचा गाळ आम्ही दोघा नवरा-बायकोनं काढला, त्याच्या डोक्यावर अन् माह्या डोक्यावर. पुढच्या साली एक डाव अजून हरभरा पेरीन. तोही गेला तं करतो सही. मंग तुमी अन् तुमचे रोही राहा."

ती रोह्यांना मारायची परवानगी मागायला आली होती. वन्यप्राणी मारता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पिकाचं नुकसान करणाऱ्या रोह्याला किंवा रानडुकराला शेतकऱ्याच्या अर्जावरून, पंचनामा करून, परवानाधारक बंदूकवाल्याकडून मारायची सोय आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पंचनामा माझा. मी शेतात गेले, पावलं मोजली, खाल्लेलं बघितलं आणि शिफारस लिहिली. एखाद्याचं आख्खं पीक खाऊन जाणाऱ्या जनावराबद्दल बाल्कनीतून प्रेम करणं सोपं असतं, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

बातमी कॉलनीत पोचली. पाठक सर माझ्या ऑफिसात आले. ते निवृत्त शिक्षक, बशी रोज भरणारे तेच. बायको गेल्यापासून सकाळी उठून कॉलनीतल्या घराघरांतून शिळ्या पोळ्या गोळा करायच्या आणि बशीजवळ ठेवायच्या, हा त्यांचा नेम. प्रत्येक रोह्याला त्यांनी नाव दिलेलं. कळपातली सगळ्यात जुनी मादी म्हणजे त्यांची सरस्वती. ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

"मॅडम, पाणी तुम्ही पाजलं आणि आता गोळीही तुम्हीच घालणार," एवढंच बोलले आणि निघून गेले. मी शालिकवर उगाच ओरडले. त्याला माझा स्वभाव माहीत होता.

परवाना आला. नागपूरच्या महाल भागातले एक जुने शिकारी होते. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. सत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ, बोलणं मोजून. त्यांच्या घरात भिंतीवर शिंगं आहेत, आणि आता ती बघताना आपल्याला बरं वाटत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. जानेवारीत ते पहाटे आले, बांधाला टेकून बसले. मी आणि पंचफुलाबाई मागे, विहिरीच्या काठाला. उजाडताना कळप आला. पुढे एक मोठा काळपट नर, अगदी नेमात. दादासाहेबांनी बंदूक उचलली, बराच वेळ धरली आणि खाली ठेवली.

"मागं बघा मॅडम," ते म्हणाले. मी बघितलं. नराच्या मागे बालवाडीची पिवळी भिंत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जागा बदलली, उलट्या बाजूने बसले. या वेळी रोह्याच्या मागे, मैदानाच्या पलीकडे, डबा हातात घेतलेले पाठक सर उभे होते. पोळ्या ठेवायची त्यांची वेळ ती. दादासाहेबांनी काडतूस काढून खिशात टाकलं. नेम चुकला, किंवा गोळी अंगातून पार झाली, तर ती कुठेतरी थांबते, आणि या ले-आउटमध्ये जिकडेतिकडे कुणाचं ना कुणाचं घर आहे, असं त्यांनी मला समजावलं. पंचफुलाबाईंना त्यांनी हात जोडले. "बाई, ही जागा शिकारीची राहिली नाई," म्हणाले. तिने मान हलवली आणि त्यांना दोन वांगी दिली. रागावली नाही, हेच मला जास्त लागलं.

मग कॉलनीच्या समाजभवनात सभा झाली. अशी सभा ज्याने बघितली नाही त्याने खूप काही गमावलं आहे. गोळी घाला म्हणणारे एका बाजूला, पाप आहे म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि आपल्या गाडीला रोह्याने शिंग मारलं याची भरपाई कोण देणार म्हणणारे मधे. एकाने मोबाइलवर हेलिकॉप्टरने जनावरं हाकलण्याचा व्हिडिओ दाखवला. त्याला विचारलं, हेलिकॉप्टर कोण आणणार, तर तो माझ्याकडे बघायला लागला. पाठक सर म्हणाले, जागा आधी जनावरांची होती. दुसरे म्हणाले, मग तुमचा फ्लॅट त्यांच्या नावावर करा. पंचफुलाबाई शेवटच्या रांगेत बसली होती आणि तिला कोणी काही विचारत नव्हतं.

मी उठले. खरं तर नियम सांगायला उठले होते. पण समोर पाठक सर बघून राहिले होते, मागे ती, आणि तोंडातून दुसरंच निघालं. मी सांगितलं की हे रोही जागेच्या हक्काने आलेले नाहीत आणि हावरेपणानेही नाही. ते थांबले ते मी चुकीच्या जागी पाणी ठेवलं म्हणून. बशी माझी, चूक माझी. पेपरातला फोटोही माझाच. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सरकारी माणसाच्या तोंडून चूक हा शब्द ऐकायची लोकांना सवय नसते.

तेव्हा पंचफुलाबाई मागून बोलली. "एकट्या तुमची काहून? तुमी पाणी ठेवलं, सरायनं पोळ्या ठेवल्या, अन् म्या हरभरा ठेवला. एवढं केल्यावर पाहुणे जातीन काहून?"

लोक हसले. पाठक सर हसले नाहीत. सभा संपल्यावर ते तिच्याजवळ गेले आणि पहिल्यांदा तिच्याशी बोलले. पाच वर्षं दोघं एका मैदानाच्या दोन टोकांना होते.

उपाय निघाला तो दुसऱ्या दिवशी तिच्याच शेतात. रोह्याची एक सवय आहे. तो लेंड्या कुठेही टाकत नाही. कळपाची एक ठरलेली जागा असते, तिथेच रोज येतो, ढीग होतो. तो त्यांचा घरनंबर म्हणा. पंचफुलाबाईने सांगितलं की तिने एकदा खत म्हणून तो ढीग उचलला आणि बांधाखाली टाकला, तर दुसऱ्या दिवसापासून कळप बांधाखालीच जायला लागला. शालिक उकिडवा बसून ऐकत होता. त्याने एकदा शेताकडे बघितलं, मग नाल्याकडे. मैदानाला लागून एक नाला आहे, तो वळणं घेत चारेक किलोमीटरवर झुडपी जंगलात जातो. तिथे एक जुनं वनतळं आहे, उन्हाळाभर पाणी टिकणारं.

"पाणी अन् ढीग दोन्ही सोबत नेऊ मॅडम," तो म्हणाला. "थोडं थोडं."

वरच्या साहेबांना विचारलं तर लेखी काही दिलं नाही. तोंडी म्हणाले, "बघा." खात्यात 'बघा' म्हणजे जमलं तर आमचं, फसलं तर तुमचं.

बशी फोडायचा पहिला घण मी मारला. प्लॅस्टिकचा एक ड्रम उभा कापून त्याच्या दोन कुंड्या केल्या. पहिली नाल्याच्या काठाने दोनशे पावलांवर जमिनीत बसवली, आणि लेंड्यांचा ढीग घमेल्यांनी तिथे नेऊन टाकला. पाणी भरायला कोण, हा प्रश्न होता. मी पाठक सरांना म्हटलं, सर, पोळ्या आजपासून बंद. पाणी द्यायचं तर तुम्हीच द्या, पण पाण्याबरोबर तुम्हालाही चालावं लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या स्कूटरच्या पायदानावर दोन कॅन होते.

पहिले चार दिवस कळप मैदानात फुटक्या बशीभोवती उभा राहायचा. पाठक सर तिकडे न बघता पुढे जायचे. पाचव्या दिवशी सरस्वती नाल्याच्या काठाने आली, ढीग हुंगला आणि पाणी प्यायली. मग सगळे आले. दर तीन-चार दिवसांनी पुन्हा दोनशे पावलं. कधी तीनशे. मी वनपाल, अंगात खाकी, डोक्यावर लेंड्यांचं घमेलं, आणि बाल्कन्यांतून बघणारे लोक. आईच्या कानावर गेलं. "रिटायर व्हायच्या वयात शेण उचलून राहिली का वं?" तिने विचारलं. मी म्हटलं, उचलते आहे, आपलंच आहे. कात्रण मात्र मी भिंतीवरून काढून टाकलं.

मे महिन्याच्या शेवटी मी निवृत्त झाले तेव्हा पाणवठा नाल्याच्या पाचव्या वळणावर होता. निरोप समारंभात शाल, नारळ आणि वाघाचा फ्रेम केलेला फोटो मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या पंजाबी ड्रेसवर कॅन घेऊन नाल्यावर गेले. शालिकने मला बघून नसलेले दात दाखवले.

आता ती गोष्ट, जी लिहायची नाही असं मी दोनदा ठरवलं होतं. नाल्यावरून बाहेरचा मोठा रस्ता जातो. खाली पूल आहे, रोही आरामात जाईल एवढा उंच, पण सावली गडद. कळप पुलाशी येऊन अडला. पाऊस तोंडावर आला होता. एकदा जागोजागी पाणी साचलं की आमच्या कुंडीला कोण विचारणार? मला घाई झाली. शालिक नको म्हणत असताना मी कुंडी पुलाच्या पलीकडे नेली, एका उडीत. दोन दिवस त्यांनी पाणी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पुलाखालून न जाता रस्त्यावर चढले. सतराही पार झाले असते, नाहीतर सगळे परत फिरले असते. पण सरस्वती मधोमध उभी राहिली, आणि ट्रकला थांबता आलं नाही.

बाकीचे मागे पळाले. पंचनामा माझ्या जागी आलेल्या नव्या वनपालाने केला. मी साक्षीदार म्हणून सही केली. पाठक सर रस्त्याच्या कडेला मातीत बसून होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले की घाई माझी होती. त्यांनी वर न बघता म्हटलं, "कुंडी मागं घ्या मॅडम. तहानले असतील ते." मी आयुष्यात बऱ्याच शिव्या खाल्ल्या आहेत, पण त्या वाक्याएवढं काही लागलं नाही.

कुंडी मागे घेतली. या वेळी शालिकचं ऐकलं. आधी पुलाच्या अलीकडे, मग तोंडाशी, मग सावलीच्या आत हात-दोन हात. ढीगही तसाच सरकवत नेला. त्या दिवसांत पंचफुलाबाई सायकल रिक्षावर चवळीचे वेल घेऊन आली. शेंगांसकट, तिच्या स्वतःच्या शेतातले, दोन ओळी उपटून. ज्यांनी तिचा हरभरा खाल्ला त्यांच्यासाठी. मी काहीतरी बोलणार होते, तर ती म्हणाली, "लेक सासरी पाठवाची तं रिकाम्या हातानं पाठवतं का कोणी?" वेल आम्ही पुलाखाली, अंधाऱ्या जागेत पसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त देठ उरले होते, आणि वाळूत पावलं पलीकडे गेलेली. सोळाच्या सोळा. पाठक सरांनी ती पावलं तीनदा मोजली.

पावसाच्या आठ दिवस आधी शेवटचा ढीग वनतळ्याच्या काठी टाकला. घमेलं धुतलं, आणि कुंड्या शालिकने घरी नेल्या. आता त्यांत त्याच्या कोंबड्या पाणी पितात.

एवढ्याने प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. हा एक कळप होता, नाला होता, पूल होता, आणि वेळ असलेली चार माणसं होती. जिथे उघडी शेतं आहेत आणि पीकच्या पीक जातं, तिथे परवाना लागतो, आणि तो देणारा माणूस कसाई नसतो. उलट गोळी चालवायची परवानगी आहे म्हणून ती कुठेही चालवता येत नाही. दादासाहेबांचा बंदूक खाली ठेवणारा हात मी विसरत नाही. हा वाद संपेल असं मला वाटत नाही, पण वाद घालणाऱ्यांनी आधी आपण काय काय तिथे ठेवलं आहे ते बघावं, एवढं मला म्हणायचं आहे. आता बाजूच्या दोन हद्दींतले वनपाल उन्हाळ्याच्या आधी मला फोन करतात, बशी कुठे करू विचारतात. मी सांगते, आत. टँकर जात नसेल तर डोक्यावर पाणी न्या, पण आत.

त्या हिवाळ्यात पंचफुलाबाईने ठरल्याप्रमाणे हरभरा पेरला. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मी बाजारात भेटले तरी विचारायची नाही, आणि ती सांगायची नाही. दृष्ट लागेल अशी भीती दोघींना. जानेवारीत घाटे भरले, आणि एका सकाळी तिचा फोन आला. "मॅडम, तुमचा एक आला."

मी पोचले तेव्हा पाठक सर त्यांच्या फाटकाशी उभे होते, रिकाम्या हातांनी. पंचफुलाबाई बांधावर, मुठीत दगड. मैदानात, जिथे बशी होती तिथे, तो काळपट नर एकटाच उभा. मागे बालवाडीची पिवळी भिंत. त्याच्यापासून पन्नास पावलांवर भरलेला हरभरा.

आम्ही तिघंही हललो नाही. त्याने फुटक्या सिमेंटचा एक तुकडा हुंगला. जुन्या ढिगाच्या जागी गेला, तिथे आता गवत उगवलं होतं, तेही हुंगलं. मग मान वर करून हरभऱ्याकडे बघितलं. मला माझ्या छातीतले ठोके ऐकू येत होते. इतक्या वर्षांत वाघासमोरही असं झालं नव्हतं. बऱ्याच वेळाने तो वळला आणि कोणी न हाकलता, सावकाश, नाल्याच्या काठाने निघाला. पहिल्या वळणावर क्षणभर थांबला, जिथे आम्ही पहिली कुंडी बसवली होती. तिथून पुढे दिसेनासा झाला.

"वाट ठाऊक झाली त्याले," पंचफुलाबाई म्हणाली. तिने दगड बांधावर परत ठेवला, जागच्या जागी.

मग तिने मला आणि सरांना विहिरीपाशी बसवलं आणि आम्ही तिघं हरभऱ्याचे घाटे सोलत बसलो. निघताना तिने ओंजळभर सोले आईसाठी म्हणून पिशवीतल्या एका कागदात बांधून दिले. घरी आल्यावर मी पुडी सोडली. सोले आईच्या ताटलीत ओतले आणि कागद सरळ करून बघितला, तर तो त्या ले-आउटवाल्याचा करारनामा होता. पंचफुलाबाईचं नाव टाईप केलेलं, आणि खाली सहीची जागा कोरी.